कर्ती

आठवीत कुंभोजकर बाईंनी कर्ता शोधायला शिकवलं.
धातूला -णारा लावायचा आणि विचारायचं, कोण?
कप फुटला. फुटणारा कोण? कप.
बस चुकली. चुकणारी कोण? बस.
मला पैकीच्या पैकी.

त्यानंतर आमच्या घरात कप आपले आपण फुटत आले,
के.एम.टी. आपली आपण चुकत आली,
डिप्लोमाचा एक विषय राहिला
(कुठं राहिला? जिन्यात? सायकल स्टँडवर?)
आणि नाझनीनला करायचा फोन राहून गेला,
तिचे अब्बा गेले त्याला आता सात महिने.
सगळं होत होतं.
करत कुणीच नव्हतं.

गोकुळ शिरगावला, शेड नंबर चौदामध्ये
फौंड्रीतनं आलेल्या पंपाच्या बॉड्या.
मी बोअर मोजते.
(लिहिताना मोजते. बोलताना मोजतो;
आम्ही कोल्हापूरच्या पोरी येतो-जातोवाल्या,
पुण्याची आत्या अजून हसते.)
गेज आत, तीन ठिकाणी, मग शिटावर सही.
त्या गुरुवारी मी सहा मोजले
आणि बेचाळिसांवर सही केली.
फोनवर कुणाच्या तरी साखरपुड्याच्या साड्या येत होत्या.
मोरपंखी की डाळिंबी, एवढंच चाललं होतं.

सोमवारी टेंपो परत आला. छत्तीस बाद.
मी मोजलेले सहा तेवढे तिकडं राहिले.

"टूल झिजलं असणार," शिकलगार म्हणाले.
"मशीन तापतंय," रात्रपाळीचा सुजय म्हणाला.
माझंही वाक्य तयार होतं: मोजायचं राहिलं.
लिमलेटच्या गोळीसारखं, चघळून चघळून गुळगुळीत.

त्यानं केलं. तिनं केलं. त्यांनी केलं.
प्रत्येकाच्या पाठीला एक प्रत्यय,
थंडीत घोंगडं असावं तसा.
मी केलं.
मीला काहीच लागत नाही.
बाईंनी हे शिकवलं होतं का? आठवत नाही.
मी लक्ष दिलं नसेल.

"मी मोजले न्हाईत," मी म्हटलं.
"न बघता सही केलो मी."

कुणी पाठ थोपटली नाही.
शिकलगार बराच वेळ गेज पुसत राहिले, ते स्वच्छच होतं.
"रविवारी ये. परत बोअर मारायचा. ओव्हरटाईम मिळणार न्हाई."

रविवारी शेडमध्ये आम्ही दोघं, एक वॉचमन,
आणि पत्र्यावर चालणारी कबुतरं.
एकविसाव्या बॉडीनंतर त्यांनी डबा उघडला,
भाकरीचा तुकडा मोडून माझ्याकडं सरकवला.
"एकोणनव्वद साली मी अख्खा लॉट घालवलेला.
मालकाला अजून ठाऊक न्हाई."
मग चावता चावता थांबले.
"वारले की ते. आता कुणाला सांगू?"
उरलेले पंधरा आम्ही न बोलता केले.

संध्याकाळी नाझनीनला फोन लावला.
राहून गेला नव्हता गं.
काय बोलायचं कळेना, म्हणून मी केला नाही.
पलीकडं कुकरची एक शिट्टी.
दुसरी.
"सात महिने न्हाईत," ती म्हणाली,
"सात महिने अकरा दिवस."
तिनं मोजले होते.
मी ऐकत राहिले. बऱ्याच गोष्टी होत्या तिच्याकडं,
काही माझ्याबद्दलच्या, आणि त्या खऱ्या होत्या.

एवढ्यात आई आतनं ओरडली, "दूध उतू गेलं!"
"गेलं न्हाई," मी म्हटलं, "मी घालवलं."
"मोठी कर्ती झालीस," आई म्हणाली
आणि तारेची घासणी माझ्या हातात दिली.

डिप्लोमाचा विषय अजून तसाच आहे.
मी सोडवलेला नाही.
बर्नरच्या भोकात करपलेली साय बसली आहे,
एका भोकात एक, सुईनं काढावी लागते.