निबर

रात्री दहाच्या आत मागणी नोंदवली
तर सकाळी सातला जुळे सोलापुरात पोच.
नातीनं फोनवर सगळं बसवून दिलंय.
अंगठा वर सरकवला की येतात
मोहोळची बोरं, सांगोल्याची डाळिंबं,
हरभऱ्याचे डहाळे, मेथी,
आणि खाली बारीक अक्षरात:
तुमच्या टोपलीत शून्य वस्तू आहेत.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खरंच
ओट्याखालच्या टोपलीकडे बघितलं होतं.

चाळीस वर्षं टॉवेलच्या मागावर काढली.
सूत कितीचं ते डोळे मिटून सांगायचो,
अंगठा आणि तर्जनीत एकदा फिरवलं की बास.
मंडईतही तेच.
वांगं हातात घेतल्याशिवाय भाव विचारायचा नाही,
भेंडीचं शेपूट मोडायचं,
मग बाई ओरडायची, मोडलेली तुम्हीच घ्या आता.
आता मोडायला काही नाही.
वांगं, पेरू, मेथी,
सगळ्यांचं अंग एकाच काचेचं.

तरी हुरडा मागवला.
वळसंग शिवार, महानंदा बिराजदार.
फोटोत त्या नाहीत, नुसता हात आहे,
हातात गुळभेंडीचं कणीस, दवानं ओलं,
मनगटात दोन हिरव्या बांगड्या,
त्यातली एक पिचलेली.
त्या पिचलेल्या बांगडीच्या भरवशावर
अर्धा किलो.

पिशवी गार होती, आतून घामेजलेली.
आगटी नाही, गोवरीचा धूर नाही,
तव्यावरच हलवला.
शेंगाची चटणी, वाटीभर दही.
बायको पहिला घास खाऊन म्हणाली, तिय्यगुंदि.
गोडाचं आमच्याकडे तेलुगूतच येतं तोंडाला.
मी अभिप्रायाच्या चौकटीत लिहिलं:
खालचे दात नाहीत, तरी खाता आला.

मग गड्ड्याची जत्रा उठली.
पाळणे सुटे करून ट्रकमध्ये गेले.
थंडी होती तशीच, म्हणून पुन्हा अंगठा लावला.
हुरडा: स्टॉक संपला.
करड्या रंगात, दाबलं तरी हलेना.
संपला म्हणजे? कुणी उचलला सगळा?
हॉटेलवाल्यांनीच असणार.
चिडून लिहिलं,
जुनं गिऱ्हाईक आहे, आधी सांगायचं की.

रात्री उशिरा फोनवर आवाज आला,
अर्ध्या मिनिटाचा.
मागं कुत्रं भुंकत होतं,
कुणीतरी कन्नडमध्ये जेवायला हाक मारत होतं.
"येमुल काका, संपला नाही ओ.
रान भरलंय अजून कणसांनी.
सांजच्याला नखानं दाबून बघितला, दूध येईना.
निबर झालाय.
त्या फोनात निबर लिहायला जागाच नाही,
पोरगं म्हणालं, संपला लिहू.
तुमच्या दातांना निबर कसा पाठवू?
थांबा थोडं. ज्वारी होऊ द्या, मग घ्या."

तीनदा ऐकलं.
मग दिव्याखाली स्वतःचं नख बघितलं,
अंगठ्याचं, मागावर झिजून एका बाजूला कललेलं.
वळसंगला मी कधी उतरलेलो नाही.
अक्कलकोटच्या गाडीतनं जाताना
पाटी वाचली असेल एखाद्या वेळी.
तिथं अंधार पडायच्या आत
कुणी बांधावरून आत शिरून
एक दाणा दाबून बघितला,
आणि माझ्या वतीनं नको म्हटलं.

होळीच्या अलीकडे ज्वारी आली.
मालदांडी, दहा किलो,
पोत्याचं तोंड सुतळीनं शिवलेलं,
टाका आमच्या खात्यातल्या कुणालाही आवडला असता.
उसवलं, आणि कोपरापर्यंत हात आत घातला.
दाणे बोटांच्या बेचक्यांतनं सरकत राहिले,
गार, कडक, थोडी कुसळं टोचणारी.

ओट्यावर फोन उजळला.
उत्पादन कसं होतं, किती तारे द्याल?

बायको म्हणाली, अहो, विचारतोय तो काहीतरी.
विचारू दे.