साडेसात

कुपवाडच्या एमआयडीसीत, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला लागून
पत्र्याची खोली आहे. तिथं मी पगार काढतो.
छत्तीस बायका, चार पुरुष, एक कॉम्प्युटर
आणि एक कॅल्क्युलेटर, ज्याचं बरोबरचं बटण
बेदाण्याच्या चिकटानं दाबलेलंच राहतं.

तासाला साठ. म्हणजे मिनिटाला रुपया.
हिशेबाला सोपं, विचाराला अवघड.
साडेआठला अंगठा, साडेचारला अंगठा,
आठातून जेवणाचा अर्धा तास वजा:
भाकरी, खरडा, तांब्याभर पाणी, तीस रुपये.
चहाची दहा मिनिटं मात्र कापायची नाहीत,
ती आमच्याकडून, असं शेठ सांगतात,
आलेल्या पाहुण्यांनासुद्धा.

मग फंडाचे शेकडा बारा, ईएसआयचा पाऊण टक्का.
व्यवसाय कर बायकांना एवढ्या पगारावर लागत नाही,
फोर्कलिफ्टवाल्या भरमूला लागतो. दोनशे. फेब्रुवारीत तीनशे.
सगळ्यात तोकडा महिना, अन् त्यालाच जादा?
तो दर वर्षी विचारतो.
वरून आहे, मी दर वर्षी सांगतो,
आणि दोघंही एकदा छताकडं बघतो.

दहा तारखेला बयाक्का मगदूम आली.
पगाराच्या चिठ्ठीशेजारी तिनं कॅलेंडरचं पान ठेवलं.
प्रत्येक चौकोनात पेन्सिलीच्या सात रेघा,
आठवी आखूड.
"साडेसाताला साठानं चारशे पन्नास.
तू चारशे अडतीस धरतोयस.
रोजचं बारा रुपये कुठं जात्यात रं?"

शाळा तिची तिसरीपर्यंत.
पण बाप हळदीच्या अडतीत तोलार होता,
पावकी, निमकी, दिडकी
पोतं उचलता उचलता म्हणून घ्यायचा.

मी पडद्यावर बघितलं.
माझ्या आधीच्या कारकुनानं सात आणि तीसच्या मधे
टिंब दिलं होतं. मीही तेच गिरवलं, दोन वर्षं.
मशीनला ते तीस शंभरातले वाटले.
घड्याळ साठाचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
त्या टिंबाएवढ्या भोकातून
माणशी बारा मिनिटं रोज गळत होती.
साडेसात म्हणालो असतो मोठ्यानं, एकदा जरी,
तर जिभेनंच धरलं असतं मला.

शेठना सांगितलं. ते फोनवर होते.
हात फोनवर ठेवून म्हणाले,
"पुढच्या महिन्यापासून नीट कर. मागचं उकरू नको."

मागचं म्हणजे एका बाईचे महिन्याला तीनशे बारा.
छत्तीस बायका. चोवीस महिने.
मी बटण दाबलं, ते आत अडकून बसलं,
नखानं उचकटलं.
आकडा आला. तो मी कागदावर उतरवला,
कागद घडी करून खिशात ठेवला,
तो अजून कुणाला दाखवलेला नाही.

बयाक्का तशीच उभी होती.
बाहेर पट्टा सुरू झाला होता, बेदाणे घरंगळत होते.
"मिनिटाला रुपया ना?
मग तुझ्या टेबलाफुडं उभी हाय, त्येचं किती?"

मी घड्याळ बघितलं.
अकरा.
तिच्या नावापुढं लिहिलं, अक्षरात,
टिंब न देता.