तारण

बेतीच्या धक्क्यापाशी आमची पतसंस्था.
मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथे सोनं जोखतो.
कसोटीचा दगड, आम्लाची बाटली, भिंग
आणि छापील अर्ज. त्यात 'तारण' शब्दापुढे
चार ओळी मोकळ्या.

गहाण टाकलं ते तारण.
बुडत्याला वर काढलं तेही तारण.
सही एकच करायची असते.

लहानपणी काणकोणच्या बसमध्ये
आत्या पिशवी छातीशी धरून म्हणायची,
"नीट बस, जवळ जोखीम आहे."
आत आठ तोळ्यांचा चंद्रहार.
जोखीम म्हणजे चंद्रहार, असं मी
वाक्यात उपयोग करून वहीत लिहिलं.
मास्तरांनी लाल रेघ मारली.
आज वाटतं, रेघ घाईत मारली.
जे हरवू शकतं त्याला आणि हरवण्याच्या भीतीला
कुणीतरी शहाण्याने एकच नाव ठेवलं होतं.

जुलैच्या शेवटी वेऱ्याहून दुल्सिन आली.
होडीला नवं यंत्र हवं होतं.
मोरीतला साबण मागून घेतला,
हात नळाखाली धरला,
चार बांगड्या उतरल्या, पाचवी हाडाशी अडली.
"मोटरीक घालतां," एवढंच म्हणाली.
मी 'कर्जाचे कारण' या रकान्यात
शुद्ध मराठीत काहीतरी लिहिलं
आणि मग दिवसभर ते क्रियापद चघळत बसलो.
बांगड्या हातात घालतात.
जीव धोक्यात घालतात.
घालणं तेच, फक्त मनगट बदलतं.

त्याच आठवड्यात शाबू हळर्णकर.
बायकोचं मंगळसूत्र, वाट्या वेगळ्या काढलेल्या.
"पोराची फी," तो म्हणाला.
त्याच्या मनगटावर जहाजाची कागदी पट्टी होती,
जांभळी, अजून ओली,
रात्रभर तिकडेच असणार.
लावणे हेही एक भाबडं क्रियापद:
दिवा लावतात, माड लावतात, जीव लावतात,
आणि खिडकीबाहेर मांडवीत
ते तरंगतं झुंबर, तिथे पणाला लावतात.

मी तोंड उघडलं.
"शाबू, माझा काही संबंध नाही, पण—"

पण.
इथे येऊन थांबलो.
काय विचित्र शब्द आहे हा.
एका अर्थी डावावर मांडलेली चीज,
दुसऱ्या अर्थी डाव मोडू शकणारी दोन अक्षरं.
समोर अख्खं पणजी शहर तो नावात घेऊन उभं,
आणि माझ्या जिभेवरून तो खाली उतरेना.
जाळं टाकतात, फासे टाकतात, शब्दही टाकतात.
मी टाकला नाही.
शब्द फुकट गेला तर नाक कापलं जाईल,
एवढीच माझी जोखीम होती.
तीही मी पिशवीत घट्ट धरून बसलो.

वजन एकवीस ग्रॅम, काळे मणी वजा.
पावती फाडली.

नोव्हेंबरात दुल्सिन सोडवायला आली,
अंगाला सुक्या बांगड्याचा वास,
माशाचा म्हणतोय.
दागिने मोजून घेतले, पुन्हा साबण मागितला.
घालतानाही तितकाच लागला.

शाबूचा लिफाफा लिलावाच्या पेटीत आहे.
पाकिटावर माझंच अक्षर:
तारण क्रमांक दोनशे बारा.
फेरीबोट सुटताना भोंगा देते
तेव्हा पेटीची कडी थोडी थरथरते.