प्रति बेड, प्रति महिना

धायरी फाट्यापुढच्या त्या दुमजली होममध्ये
आज माझी चौथी खेप.
बॅगेत सहा टॅब्लेट, एकच चार्जर, जीएसटीसकट कोटेशन.

पहिल्या खेपेला खिंवसरा मॅडम
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या होत्या,
"बेडमागे अकराशे? अहो, डायपरचं बिल बघा आधी.
इथं आया टिकत नाहीत, तुमचं यंत्र कोण धरून बसणार?"
मी म्हणालो, तीन महिने फुकट वापरा.
हे वाक्य मला झोपेतही येतं.

परवा बाणेरच्या काचेच्या ऑफिसात
फंडवाल्यांनी विचारलं, रिटेन्शन किती?
मी सांगायला लागलो, लोहोकरे काकांना मुलाचं नाव आता
दहातून चारदा...
तसं नाही हो, ते म्हणाले. गिऱ्हाइकं किती टिकली?

हॉलमध्ये पडद्यावर आंबा, सायकल, पितळी बंब.
विमल चांदवडकर, वय त्र्याऐंशी, टेलिफोन खात्यातून निवृत्त,
चित्रांकडे ढुंकून बघत नाहीत.
हेडफोन मात्र झटक्यात चढवतात, पाठ ताठ,
बोटं टेबलावर कुठलासा प्लग चाचपतात.
"बोला, पुणे. कुठलं गाव हवंय?"

मी मोबाइल काढून व्हिडिओ घेतो,
फंडवाल्यांना दाखवायला बरा,
आणि माझेच कान गरम होतात.

नव्वद दिवस आज भरले.
कोटेशनवर कपाचा गोल डाग. सही नाही.
चांदवडकरबाई मॅडमच्या आणि माझ्या मधे कुठंतरी बघत
सवयीच्या सपाट, गोड आवाजात विचारतात,
"तीन मिनिटं झाली. वाढवायची?"