ठरावु

सभेची वेळ अकरा. कोरम साडेबाराला.
तोवर मी हजेरीची वही उघडून बसतो
आणि पंखा तीनवर ठेवतो, दोनवर तो अडकतो.
कोलकार शिपाई कप मांडतो
सदस्यांपेक्षा दोन जास्त,
पाण्याची तक्रार घेऊन कुणीतरी येतंच.

सभा मराठीत होते.
टोमणे मराठीत, भांडण मराठीत,
बसाप्पा होसूर चिडले की तेवढे कन्नडात,
तिगडीसाहेब दोन्ही संपवून उर्दूत उठतात.
वहीत मात्र सगळं कन्नडात उतरायचं.
ते माझं काम. एकवीस वर्षं.

जड जातं काय रे, विचारतात पाहुणे.
कसलं जड.
ठरावाचा ठरावु, मंजूरचं मंजूरु,
नक्कल नकलु, तकरार तकरारु,
बाकी तर दोन्हीकडे बाकीच.
शेपटीला उकार लावला की झालं.
खुर्चीची कुर्ची होते,
हकार तेवढा जातो,
बसणारा जात नाही.

विषय एक, मागील इतिवृत्त कायम करणे.
विषय दोन, रविवारच्या बाजारपट्टीचा लिलाव.
विषय तीन, स्टेशन रोडचं गटार, दोनशे दहा मीटर,
त्यातले साठ मीटर कागदावर आधीच वाहतंय.
विषय चार, मोकाट डुकरं.
यावर पाऊण तास.
डुकरं कुणाची ते सगळ्यांना ठाऊक,
म्हणून नाव कुणी घेत नाही.

विषय पाच, वार्ड सहा,
कौलभट्टीच्या वाटेवरचा दिवा.
सहाव्यांदा आलाय.
खांब हेस्कॉमचा, नळी आमची,
वायर कुणाची ते पत्रव्यवहारात आहे.
यल्लूबाई बिर्जे दर खेपेला उभ्या राहतात,
चंदगडकडून लग्न होऊन आलेल्या,
कन्नड बाजारापुरतं,
सही मात्र एवढी मोठी करतात
की शेजारच्या सदस्याला जागा उरत नाही.

यंदा मुख्याधिकारी नवे आलेत, तळवार, गदगकडचे.
म्हणाले, इतिवृत्त मोठ्यानं वाचा, ओळ न् ओळ.
आजवर 'वाचले असे समजण्यात यावे'वर भागत होतं.
मी वाचलं :
हंचिन भट्टी दारियल्लि कत्तलु इदे.

यल्लूबाई ताडकन उठल्या.
'कत्तल? कुणाची कत्तल? कवा?'

सभा फुटली हसून.
होसूरांनी टेबल बडवलं,
अध्यक्षांचा चहा बशीतून लिलावाच्या कागदावर.
मी म्हटलं, बाई, कत्तलु म्हणजे अंधार.
नुसता अंधार.

त्या बसल्या नाहीत.
'माझ्या शेजारची कल्लव्वा,
तिच्या सुनेनं भट्टीचं काम सोडलंय गेल्या म्हैन्यात.
का सोडलंय ते मी हितं सांगणार न्हाई.
लिवलाय तो शब्द बरोबर हाय.
ऱ्हाऊ दे.'

पंखा तीनवर फिरत होता.
तिगडीसाहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला,
परत काढला.
अध्यक्ष म्हणाले, वायरीचं उत्तर आलं की…
आणि वाक्य तिथंच ठेवून
बशी पुसत बसले.

तळवार छताकडे बघत होते.
दोन नळ्या सभागृहाला.
अडखळत, शब्द शोधत, मराठीत म्हणाले,
'ह्याच्यातला एक काढा की.
आमी दिवसा बसतो.'

संध्याकाळी कोलकार शिडी घेऊन गेला.
वायर कुठून ओढली ते मी विचारलं नाही,
त्यानंही सांगितलं नाही.
रात्री नवाला भट्टी सुटली तेव्हा,
म्हणे, बायका खांबाखाली थांबल्या,
एकमेकींच्या केसांतली कौलाची धूळ झाडली
आणि उगाच दोन मिनिटं उभ्या राहिल्या.

आता हे वहीत कसं घ्यायचं?
सभागृहाची नळी जडसंग्रहात आहे, क्रमांकासकट.
ती काढायला ठराव लागतो,
ठरावाला विषय, विषयाला सात दिवसांची नोटीस.
मी बराच वेळ पेन धरून बसलो.
मग लिहिलं :
ठरावु पाच, मुंदिन सभेगे.
पुढच्या सभेत.

त्यामुळे विषय पाच सातव्यांदा आलाय.
दिवा तिकडं जळतोय, इकडं प्रलंबित आहे.
सभागृहात जरा कमी दिसतं,
मी वही खिडकीकडे सरकवून वाचतो,
आणि त्या ओळीवर आलो
की आवाज आपोआप खाली जातो.

यल्लूबाई ऐकून घेतात.
मग सही करतात, नेहमीएवढीच मोठी.