अमोनियाचं डोकं

विभागप्रमुख बाईंची चिठ्ठी आली:
अमोनियाचा एक रेणू, काचेचा, वर्गात दाखवायला.
खाली तीन हायड्रोजन, वर नायट्रोजन,
कोन एकशेसात अंश.
तीस वर्षं मी या खोलीत फ्लास्क फुंकतोय,
रेणू पहिल्यांदाच.

ज्योत निळी केली, नळी फिरवत राहिलो.
हात थांबला की काच आपल्याच वजनानं ओघळते
आणि तोच तिचा आकार होऊन बसतो.
चार गोळे, तीन काड्या,
टेबलावर तिपाईसारखं काहीतरी उभं राहिलं.

न्यायला आली एमएस्सीची कृपाली.
म्हणाली, काका, सरस छे. पण खोटुं छे.
अमोनिया असा उभा राहत नाही.
नायट्रोजन या बाजूला, लगेच त्या बाजूला,
वाऱ्यात छत्री उलटते तसा,
सेकंदाला चोवीस अब्ज वेळा.
मधे भिंत आहे ना गं, ती ओलांडतो कसा?
ओलांडत नाही. तेवढं बळच नाही त्याच्यात.
भिंतीतून जातो.
म्हणजे भोक आहे?
भोक नाही.
मग?
तिनं खांदे उडवले.
मला ते उत्तर पटलं.

जाता जाता आर्सिनचं सांगितलं तिनं.
घाट तोच, हायड्रोजन तेच तीन,
फक्त डोक्यावर आर्सेनिक, जड.
त्याला एकदा उलटायला
वर्ष-दोन वर्षं लागतात म्हणे.
त्याहून जड असतील ते बसले त्या बाजूला बसले.
आकार आहे म्हणायचं, ते त्यांना.

संध्याकाळी डांडिया बाजाराकडे सायकल हाणताना
बाजव्याकडून वारा फिरला,
खताच्या कारखान्याचा तोच झोंबरा वास.
एरवी शिवी देतो. आज एक पाय टेकून हुंगला:
एका श्वासात किती छत्र्या!

जिन्यात भानुबेनना केम छो म्हणालो,
दाराच्या आत सुनेला, चहा टाक.
भाषा नेमकी कुठल्या पायरीवर पालटली,
परत उतरून पाहिलं,
सापडलं नाही.

रात्री पलंगाच्या डाव्या कडेला,
नेहमीच्या जागी.
उजवी बाजू कुमुदची.
मधे भिंत नाही, उशीसुद्धा नाही.
आर्सिनला दोन वर्षं लागतात.
मला तिसरं चालू आहे.

उद्या दोन डोक्यांचा करून देतो म्हटलंय कृपालीला,
एक वर, एक खाली, दोन्ही पातळ काचेची.
ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आलाय,
सकाळी आधी तो बदलायला हवा.