साडेतीनची सावली

चौतीस वर्षं मी मंडळात होतो.
लाइनमन, देपालपूर फीडर.
पावसात खांबावर चढलो की खालून लोक विचारायचे,
"भिया, कब आएगी?"
मला तेव्हाही माहीत नसायचं.

आमच्या विहिरीला थ्री फेज मिळायचा रात्री.
कधी सव्वा एकला, कधी तीनला.
शालन अंथरुणातच ओळखायची:
ओट्यावरचा दिवा आधी थरथरायचा,
मग लांब कुठेतरी कुणाची तरी मोटर खाकरायची.
ती उठायची, बॅटरी शोधायची,
स्टार्टरचं हिरवं बटण अंगठ्याने दाबायची
आणि टाकी भरेपर्यंत पायरीवर बसून राहायची,
डोक्यावरून पदर घेऊन.
मी तेव्हा दुसऱ्यांच्या गावचे फ्यूज बदलत असायचो.

या कार्तिकात अकील मन्सूरी आला,
टेंपोत सहा पॅनेल आडवी बांधून.
मोबाइलमध्ये दिशा बघत बघत
त्याने ती दक्षिणेला तोंड करून उभी केली.
विहिरीत पंप सोडला.
मी म्हटलं, न्यूट्रल कुठंय?
तो हसला. "चाचा, इसमें खंभा नहीं होता."

पहिलं पाणी आलं तेव्हा सव्वाआठ झाले होते.
घरघर नाही, काही नाही.
पाइपातून आधी नुसता वारा,
मग गढूळ घोट,
मग स्वच्छ.
शालनने हात धरला धारेखाली.
उन्हानं ओढलेलं पाणी
कोमट असेल असं तिला वाटलं होतं.
ते विहिरीइतकंच गार होतं.

बाराला धार मनगटाएवढी होते,
ढग आला की करंगळी.
शालन आता धार बघून वेळ सांगते
आणि पलीकडच्या रामकुंवरबाई
मनगटाच्या वेळेला धुणं घेऊन येतात.

फक्त साडेतीनला
कडुनिंबाची एक फांदी
शेवटच्या पॅनेलच्या कोपऱ्यावर येते.
सावली पंचाएवढी.
पण सहाही एकाच माळेत ओवलेली,
एक अडलं की सगळी अडतात,
धार तुटत तुटत थेंबांवर येते.
हे मला कळतं. एवढंच तर मला कळतं.
तारेला लागणाऱ्या किती फांद्या मी पाडल्या
तालुकाभर,
ना झाडाला विचारलं, ना मालकाला.

कोयता घेऊन निघालो तर शालन म्हणाली,
"राहू दे."
म्हटलं, दीड तासाचं पाणी जातं रोज.
"टाकी तर दोनलाच भरते."
मग बऱ्याच वेळाने,
सुपातला खडा बाजूला काढत,
"आणि विहिरीलाही सारखं सारखं
कुणी उठवू नये."

कोयता मी परत आढ्याला खोचला.
चैत्रात ऊन वर चढेल,
तेव्हा सावली आपली आपण सरकेल म्हणा.

काल रात्री मलाच जाग आली.
ओट्यावरचा दिवा थरथरला.
नाल्यापलीकडे कुणाची तरी मोटर खाकरली.
अंगणात सहाही पॅनेलांवर दव,
त्यांना या वेळेशी काही घेणं नाही.

शालन गाढ झोपली होती.
फक्त तिचा अंगठा
गोधडीवर एकदा दाबला गेला, घट्ट,
आणि सुटला.

मी तो हातात घेणार होतो.
घेतला नाही.
उठली असती.